मागच्या चाकाकडे जाणारा पाइप

मंगळवार

ब्रेक लागले नाहीत. माझा पाय घसरला नव्हता, मी घाबरले नव्हते, फोनवर बोलत नव्हते, डुलकीही लागली नव्हती. ब्रेक लागले नाहीत. सकाळपासून जो भेटतो तो माझं हे वाक्य दुरुस्त करून मलाच परत देतोय, म्हणून आधी इथे जसंच्या तसं लिहून ठेवते.

आमच्या घराकडून मोठ्या रस्त्याला जाणारा तो लांब उतार. व्हॅन मुलांनी भरलेली. खाली सिग्नल लाल झाला. मी पेडल दाबलं, तर ते लोण्यात सुरी जावी तसं थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं. काही नाही. मग मात्र दाबत बसले नाही. गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा खेचत आणला आणि डाव्या हाताला बांधकामाची वाळू पडली होती तिच्यात गाडी घातली. वाळूत अर्धं चाक रुतलं आणि गाडी थांबली.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळ्यात धाकटी, जिला आम्ही प्रश्नावली म्हणतो, तिने मागून विचारलं, "काकू, आज इथेच उतरायचं का?" तेव्हा माझे हात थरथरायला लागले. त्याआधी नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण "बाई घाबरली" हे आता सगळ्यांचं ठरून गेलंय.

गाडी ओढून भाऊजींच्या ओळखीच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बाटलीतून थोडं ब्रेक ऑइल ओतलं, हात पुसले आणि फोन लावला. कुणाला? यांना! मी समोर उभी, गाडी माझी, परवाना माझा, शाळेच्या फेऱ्या सहा वर्षं मी करतेय, आणि फोन माझ्या नवऱ्याला! "साहेब, गाडी एकदम ओके. ऑइल जरा कमी होतं, टाकलंय. वहिनींना सांगा, उतारावर सारखा ब्रेकवर पाय ठेवायचा नसतो." मी म्हटलं, "वहिनी इथेच उभ्या आहेत, त्यांनाच सांगा." तर हसला.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. हे माझे दीर. जुन्या गाड्या घेतात, विकतात. ही व्हॅन दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच मला दिली. देताना काय म्हणाले होते? "ब्रेकचे सगळे पाइप नवे टाकलेत, वहिनी. डोळे मिटून चालवा." आज म्हणाले, "वहिनी, तुम्ही ना, फार मनाला लावून घेता."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर मटार सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या. मुलांना लागलं नाही ना, एवढंच विचारलं. लेकाबद्दल एक अक्षर नाही. मटार मात्र सालींच्या टोपलीत टाकत होत्या आणि साली पातेल्यात. आपला तो बाब्या, दुसरं काय!

मुख्याध्यापिका म्हणाल्या, या आठवड्यात पालक मुलांना आपापले सोडतील. पण सोमवारी तपासणी केंद्राचा दाखला दिसला नाही, तर ही फेरी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. त्यांची चूक नाही. पण सहा वर्षं!


बुधवार

गाडी एकदम ओके आहे ना? मग काल गॅरेजातून परत आणून लावली तिथे, अंगणात, आज सकाळी मागच्या चाकापाशी ओलं काय होतं?

बोट लावून पाहिलं. तेलकट. पुठ्ठा अंथरला आणि गाडीखाली पाठीवर सरकले. मास्टर सिलिंडर पुढे असतो, पेडल दाबलं की तो ऑइल ढकलतो, आणि ते ऑइल एका बारीक लोखंडी पाइपातून मागच्या चाकांपर्यंत जातं. एवढं मला माहीत होतं. तो पाइप शोधला. काळाभोर, चकचकीत, नव्यासारखा. एकदम भाऊजींवर विश्वास बसला बघा, आणि स्वतःचीच लाज वाटली. मग मागच्या दांड्याजवळ एक थेंब लोंबकळताना दिसला. तिथे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जरासं खरवडलं. कांद्याच्या सालीसारखा रंगाचा पापुद्रा निघाला. खाली गंज. नुसता गंज नाही, पाइप बोटाने दाबला तर चुरा होत होता, आणि त्या चुऱ्यातून ऑइल पाझरत होतं.

गंजावर रंग मारलाय! अकरा लेकरांच्या जिवावर काळा रंग फासलाय आणि वर मला म्हणतात डोळे मिटा!

यांना खाली ओणवं व्हायला लावलं, टॉर्चने दाखवलं. हे खूप वेळ पाहत राहिले. म्हणाले, "हं. मी बोलतो त्याच्याशी. शांतपणे." यांची शांतता एखाद्या दिवशी या घराला आग लावेल. मी तिथल्या तिथे फोन लावला. भाऊजी म्हणाले, "वरवरचा गंज असतो तो, वहिनी. जुनी गाडी म्हटल्यावर असायचाच. पुढच्या महिन्यात बघू आपण." मी म्हटलं, "भाऊजी, वरवरचा म्हणजे किती वर? माझं बोट आरपार जातंय." तर रेंज गेली. बरोबर त्या क्षणी भाऊजींची रेंज कशी जाते, देव जाणे.

दुसऱ्या दोन गॅरेजांत विचारलं. दोघांकडे पुढच्या आठवड्याशिवाय जागा नाही. म्हणजे फेरी गेली. ठरवलं, मीच करणार. जुना पाइप काढणार, नवा बसवणार, चारी चाकांच्या रबरी नळ्याही बदलणार आणि आतलं सगळं जुनं ऑइल काढून टाकणार. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आहे, व्हिडिओ आहेत, पाने आहेत.

येईल का मला? खरं सांगायचं तर माहीत नाही. चाक बदललंय, प्लग बदललेत, पण ब्रेक म्हणजे ब्रेक. चुकलं तर दुसऱ्यांदा तिथे वाळू असेलच असं नाही.


गुरुवार

गाडी जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही खाली शिरायचं नाही. हे मी यांना तीनदा बजावलं, जणू हेच शिरणार होते.

पाइपाच्या टोकाच्या नटाने सकाळ खाल्ली. गंज सोडवायचं तेल मारलं, वाट पाहिली, साधा पाना लावला आणि जोर केला. नट हलला म्हणून मी खूश, तर नट हललाच नव्हता, पान्याने त्याचे कोपरे घासून गोल करून टाकले होते. हात दाखवून अवलक्षण! त्यासाठी वेगळा, नटाला सगळीकडून धरणारा पाना मिळतो, हे त्या व्हिडिओवाल्याने नट गोल झाल्यानंतर सांगितलं. त्याच्यावरही चिडले. शेवटी पाइपच कापला, नटावर बॉक्स पाना बसवला आणि शिव्या देत देत काढला.

आई दुपारभर अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, एरवी दुपारी आडव्या असतात. आज माझ्यावर पहारा. मध्येच विचारलं, "असा पाइप किती दिवसांत गंजतो गं?"

"दिवसांत नाही आई, वर्षांत."

"आणि वरचा रंग?"

"तो नवा आहे. हे बघा ना, अजून चकाकतोय."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "मागे धाकट्याचा निळा शर्ट मी धुतला होता, आठवतं? बाहीवर काळा डाग होता. घासून घासून निघाला नाही. रॉकेलनेसुद्धा नाही."

मी इथे गंजाचा चुरा डोळ्यांत घेऊन पडलेय, आणि यांना लेकाच्या शर्टाची पडलीये! वर म्हणतात, "ही गाडी तुला द्यायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट." असेल! मी काय करू? मी सरळ गाडीखाली परत गेले.

संध्याकाळी सामानाच्या दुकानात. जुना पाइप मेलेल्या सापासारखा हातात धरून गेले. दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे पाहत होता, कुणी पुरुष येतोय का म्हणून. "मिस्त्रीला पाठवा, ताई, तुम्हाला सांगता यायचं नाही." मी पाइप काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "याच मापाचा, याच टोकांचा, नट नवे. चार रबरी नळ्या. डॉट फोरचं ब्रेक ऑइल, सीलबंद, तुमच्या कपाटातलं उघडं नको, उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं. आणि हवा काढायच्या निपलला बसेल अशी पारदर्शक नळी." त्याने सगळं काढून दिलं. पाइपाची टोकं यंत्रावर दाबून नीट करून दिली. जाताना मात्र म्हणालाच, "बसवणार कोण पण?"


शुक्रवार

हात दुखताहेत. तरी लिहितेच.

पाइप वाकवणं अवघड गेलं. एकदम वाकवला की चेपतो. स्वयंपाकघरातून गोल डबा आणला आणि त्याच्याभोवती जरा जरा करत वळवला. जुन्याशी जुळवून पाहिला, पुन्हा वळवला. जुन्या क्लिपांमध्ये बसवला. नट आधी बोटांनी फिरवले, वाकडे चढू नयेत म्हणून. रबरी नळ्या पिळल्या जाणार नाहीत अशा लावल्या. मग बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्यातलं जुनं ऑइल औषधाच्या पिचकारीने ओढून काढलं. रंग काळ्या कॉफीचा. नवं ऑइल मधासारखं असतं. हेही म्हणे नवं टाकलं होतं!

खरी परीक्षा पुढे. आत गेलेली हवा काढायची असते आणि ते दोन माणसांचं काम आहे. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं. खालच्याने निपल किंचित सैल करायचा, ऑइल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. मग निपल बंद करायचा आणि त्यानंतरच, बंद केल्यानंतरच, वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत.

वर यांना बसवलं. कामावरून लवकर आले होते बिचारे. मी खालून ओरडले, "दाबा!" हे म्हणाले, "दाबलं." मी निपल उघडला. हे म्हणाले, "सोडू का?" आणि विचारता विचारता सोडलंसुद्धा. परत. "दाबा!" "दाबलं. सोडू का?" सोडलं. माणूस विचारतो कशाला मग! पाचव्या वेळी मी पाना आपटला. हे म्हणाले, "चिडू नकोस ना, मी चहा करतो." करा. तेच करा.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आई. एका हाताने दार धरून, गुडघा दुसऱ्या हाताने उचलून आत घेत होत्या. म्हटलं, "आई, तुम्हाला जमायचं नाही, गुडघा..." म्हणाल्या, "पाय माझा आहे. तू खाली जा."

मागचं, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घेतलं.

"दाबा."

"दाबलंय."

निपल उघडला. फस्स करून बुडबुडे, मग काळं ऑइल. बंद केला.

"सोडा."

"सोडलं."

एकदाही चूक नाही. मी "सोडा" म्हणेपर्यंत त्या पायाने श्वाससुद्धा घेतला नाही. काम लयीत आलं आणि माझी जीभ सैल सुटली. पाठीवर पडल्या पडल्या भाऊजींना जे जे म्हणायचं होतं ते सगळं म्हणून घेतलं. गाडीच्या पत्र्याला सांगत होते म्हणा. खोटारडा म्हटलं. स्वतःच्या पोरांना बसवलं असतं का म्हटलं. असल्या माणसाला वाढवणाऱ्यांनी काय शिकवलं देव जाणे, असंही म्हटलं. म्हटल्यावर जीभ चावली. वर पाय पेडलवर होता. मला वाटलं, आता उचलतील, दार आपटतील, निघून जातील.

वरून आवाज आला. "धरलंय मी. तू तुझं कर."

मी बोलण्याच्या नादात वरच्या डब्यातलं ऑइल पाहायला विसरले. डबा कोरडा पडला आणि हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये गेली. सगळं पहिल्यापासून! माझंच चुकलं, दोष द्यायला कुणी मिळेना, त्याचाही राग आला. आई एवढंच म्हणाल्या, "मग कर पहिल्यापासून." चारही चाकं परत झाली तेव्हा नळीतून येणारं ऑइल स्वच्छ, पिवळसर होतं आणि बुडबुडा एकही नव्हता. आईंना गाडीतून उतरवायला आम्हाला दोघांना धरावं लागलं. पेडल मी दाबून पाहिलं. दगडासारखं कडक. गाडी चालू करून, तसंच दाबून धरून, यांना टॉर्च घेऊन खाली पाठवलं. एकाही जोडावर ओल नाही.

आणि आता ऐका. एवढं झाल्यावर मी हात धुवायला आत जाते, तर मागच्या खोलीत आई फोनवर. दार लोटलेलं. "रविवारी जेवायला ये. हो, एकटाच ये. नाही, ती काही बोलणार नाही." म्हणजे मी गाडीखाली पोळी होऊन पडलेय, आणि लाडक्या लेकाला जेवायचं आमंत्रण! वर मला येऊन काय म्हणाल्या? "गाडीचं काम झालंय हे त्याला कळू देऊ नकोस. गाडी आहे तशीच आहे म्हण."

का? तर लेकाला ओशाळं वाटू नये म्हणून! इतका वेळ पाय लावला म्हणून मन जरा भरून आलं होतं, ते तिथल्या तिथे आटलं. "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.


शनिवार

तपासणी केंद्रात गेले. तो उतार उतरायचा होता. हे म्हणाले, "मी गाडीच्या पुढे चालू का?" मी विचारलं, "कशासाठी? थांबवायला?" मग शेजारी बसले आणि हँडब्रेकवर हात ठेवून आले. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी. मागच्या गाड्यांचे हॉर्न. वाजवा!

ब्रेक लागले. दर वेळी लागले.

केंद्रातल्या माणसाने चाकं रोलरवर फिरवून ब्रेकचा जोर मोजला, खाली खड्ड्यात उतरून पाइप पाहिला, एक क्लिप सैल आहे म्हणून माझ्याकडून घट्ट करून घेतली. दाखला दिला. सोमवारी शाळेत दाखवणार. परत येताना हे म्हणाले, "छान झालं गं काम." म्हटलं, "आणि तुमचा भाऊ?" यांनी काच खाली केली.


रविवार

आज सावकाश लिहिते.

भाऊजी आले, नेहमीसारखे हसत. आईंनी त्यांच्या आवडीचं सगळं केलं होतं. मी वाढलं आणि तोंड बंद ठेवलं. त्यांनी आपणहून विषय काढला. "मग वहिनी, पुढच्या महिन्यात करून टाकू ते पाइपाचं. तशी व्हॅनला काही भीती नाही. हिच्याच जोडीची दुसरी मी बेकरीवाल्या बाईंना दिली, त्या रोज पाव घेऊन गावभर फिरतात, काही तक्रार नाही." माझ्या हातातली वाटी खाली पडायची राहिली. जोडीची! म्हणजे तसलाच पाइप घेऊन आणखी एक बाई त्याच रस्त्यांवर फिरतेय!

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई उठल्या. पर्स घेतली, चपला घातल्या, बाहेर गेल्या आणि व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

"चल रे," गाडीतून आवाज. "मला मावशीकडे सोड. खालच्या रस्त्याने."

भाऊजी हसले. "माझी गाडी आहे ना आई, त्यात चल."

"तिच्यात वाकून बसावं लागतं. हीच बरी. गाडीला काही झालेलं नाही ना? तूच म्हणालास फोनवर, बाई घाबरली म्हणून. तू कुठे घाबरतोस!"

मी किल्ली दिली. मला वाटत होतं, बघा, लेकाच्या हातची सैर हवी आहे आता, माझ्या नाकावर टिच्चून. शर्टावरचा काळा डाग, जेवणाचं आमंत्रण, आईंचा डाव मला तेव्हाही कळला नव्हता, हे कबूल.

भाऊजी आत बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर फाटक उघडं होतं आणि फाटकाबाहेर रस्ता लगेच खाली उतरतो. ते रस्त्याकडे पाहत राहिले. पाय सीटखाली ओढून घेतलेले. आईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली.

"लाव ना."

"आई, तू उतर."

"का?"

"उतर म्हणतो ना. रिक्षा बोलावतो मी."

"कारण सांग, मग उतरते."

"अगं, काहीतरीच काय..." मग आवाज एकदम खाली आला. "मागचा पाइप खराब आहे तिचा. उतारावर नको. मी बदलणारच होतो. गिऱ्हाईक घाईला आलं, मग राहून गेलं."

गिऱ्हाईक म्हणजे मी.

आई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. समोर पाहत होत्या. "मी बसले तर उतर," त्या म्हणाल्या. "आणि ती रोज बसत होती. लोकांची पोरं घेऊन."

भाऊजी काहीतरी बोलायला आईंकडे वळले आणि पाय पेडलवर पडला. पेडल खाली जाईना. पुन्हा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"झालंय काम?"

"झालंय," आई म्हणाल्या. "तुझ्या वहिनीने केलंय. पाय मी लावला होता." आणि मग, मी त्यांच्या तोंडून असा शब्द कधी ऐकला नव्हता, "नीच आहेस तू."

मी आठवडाभर जे जे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं मला एकही वाक्य आठवेना. बोलायचं होतं! आजही बोलायचं आहे. पण भाऊजींचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, आणि आईंचा चेहरा मला पाहवेना.

पुढे आले ते हे. आमचे शांतपणे-बोलतोवाले. गाडीच्या खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "बेकरीवाल्या बाईंना फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर. सांग, गाडी जिथे असेल तिथे थांबवा." आवाज चढवला नाही, पण मी या माणसाबरोबर इतकी वर्षं राहतेय, हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. भाऊजींनी फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लागला, तेव्हा पलीकडे बाई म्हणाल्या की रविवारी गाडी बंदच असते, दारात उभी आहे.

मी जिन्यावर बसून घेतलं.

नंतर आई म्हणाल्या, "आता मला कुठे जायचं नाही." आत गेल्या आणि झोपल्या. जेवल्या नाहीत.


गुरुवार

फेऱ्या सोमवारपासून सुरू आहेत. उतारावर पहिल्या दिवशी मुलं गप्प होती, आता परत कालवा करतात. प्रश्नावलीने विचारलं की आज वाळूत जाणार नाही का. तिला फार आवडलं होतं म्हणे.

आई तीन दिवस माझ्याशी फारशा बोलल्या नाहीत. मला आधी रागच आला. मी काय केलं? रंग मी फासला का? मग काल रात्री भांडी आवरताना त्या एकदम म्हणाल्या, "तू गाडीखालून म्हणालीस ना, वाढवणाऱ्यांनी काय शिकवलं." मी म्हटलं, "आई, रागाच्या भरात..." त्या म्हणाल्या, "नाही, मीही तोच विचार करतेय." मी ताटं पुसत राहिले.

आज दुपारी बेकरीवाल्या बाईंची व्हॅन ओढून आमच्या अंगणात आणली. आमच्याच का? तर आईंचा हुकूम. त्या गॅरेजवाल्याकडे नाही, इथे, डोळ्यांसमोर. पाइप, नळ्या, ऑइल सगळं भाऊजींनी आणायचं आणि भाऊजींनीच बसवायचं. मी नुसतं पाहायचं. मी साफ सांगितलं, मी काही घाऊक दुरुस्तीचं दुकान काढलेलं नाही, आणि त्या माणसाशी मी बोलणार नाही. बोलू नकोस, म्हणाल्या, बघ फक्त.

तर मी खुर्ची टाकून बसले. भाऊजी पुठ्ठ्यावर पाठीवर, गाडीखाली. जुन्या गाड्या विकतात, पण खाली शिरायची सवय दिसत नव्हती. बेकरीवाल्या बाई कमरेवर हात ठेवून त्यांच्या पायांशी उभ्या होत्या आणि मी ज्या शिव्या पत्र्याला दिल्या त्या बाई थेट त्यांना देत होत्या. मला फार बरं वाटलं. खरं तेच लिहिते. पाइप तसाच निघाला, वरून काळा, आतून भुसा. बाईंनी तो तुकडा घेऊन पदराला बांधला, म्हणाल्या, दुकानात काचेखाली ठेवणार आहे आणि विचारेल त्याला सांगणार आहे, कुणाकडून गाडी घेतली ते. ठेवा!

भाऊजींनी नट वाकडा चढवला, ते मला खुर्चीवरून दिसलं. गप्प बसवेना. "काढा परत," मी म्हटलं, "बोटांनी फिरवा आधी." आठवड्यात त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. त्यांनी काढला, फिरवला.

हवा काढायला आई वर बसल्या. माझ्या वेळी जो आवाज होता, तसाच सपाट. "दाबलंय." "सोडलं." लेकाला नावाने हाक नाही, रे नाही, तू नाही. मागचं डावं चाक झालं. मागचं उजवं चालू होतं, तेव्हा भाऊजींनी निपल जास्त उघडला, नळी निसटली आणि ऑइलची चिळकांडी सरळ त्यांच्या डोळ्यांत. ओरडले. ब्रेक ऑइल रंगसुद्धा खातं, डोळ्यांत गेलं तर आग होते.

मी खुर्चीवरून उठेपर्यंत आई खाली होत्या. तो गुडघा घेऊन दारातून कशा उतरल्या, मला माहीत नाही. अंगणातल्या बादलीतून तांब्या भरून घेतला, लेकाचं डोकं मांडीवर ओढलं आणि डोळ्यावर पाणी ओतत राहिल्या. "उघड. डोळा उघड म्हणते ना! चोळू नको, गाढवा. उघड." एका हाताने पापणी धरलेली, दुसऱ्या हाताने पाणी, आणि तोंडाने शिव्या, आणि स्वतःच्या डोळ्यांतून घळाघळा धारा. भाऊजी एवढे मोठे बाप्ये, आईचा पदर मुठीत धरून पडले होते. "आई, चुकलं माझं," असं काहीतरी म्हणत होते. आई म्हणत होत्या, "गप. डोळा उघड."

बेकरीवाल्या बाईंच्या शिव्या थांबल्या. त्यांनी पाठ फिरवली आणि स्वतःच्या गाडीच्या टायरकडे पाहत राहिल्या.

आईंचा राग कुठे गेला, मला कळलं नाही. माझा गेलेला नाही, आणि इतक्यात जाईल असं वाटत नाही. त्या उतारावरून रोज जाते, रोज सिग्नलच्या कितीतरी आधी पेडल एकदा दाबून बघते, ही सवय भाऊजींनी लावलीये. पण बादली संपली तेव्हा नळावरून दुसरी मीच भरून आणली. डॉक्टरकडे हे घेऊन गेले. डोळा लाल आहे, बाकी काही नाही.

आईंचा गुडघा सुजून उशीएवढा झालाय, गरम पाण्याने शेकतेय. बेकरीच्या व्हॅनचं मागचं उजवं आणि पुढची दोन चाकं राहिली आहेत. उद्या भाऊजी खाली असतील. पाय मी लावणार आहे.